नावावरची चांदणी

धरमपेठ, नागपूर
रविवार, ११ जून १९७८

ती. शालिकराममामांस,
चंद्रभानचा सा. नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर तुम्हाला पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. कारणं लिहायला बसलो होतो. तीन लिहून झाल्यावर लक्षात आलं, की त्यांतलं एकही पुरतं खरं नाही. कॉलेजचं काम होतं, आईचे गुडघे दुखत होते. पण एक कार्ड लिहायला किती वेळ लागतो? लिहायचं राहिलं, एवढंच खरं.

आज लिहितोय ते दत्तोपंतांमुळे. तुमच्या एकसष्टीच्या सत्कार समितीचे ते चिटणीस झाल्यापासून माझ्याकडे तीनदा येऊन गेले. समारंभ ३ सप्टेंबरला ठरला हे तुम्हाला कळलंच असेल. त्या दिवशी निघणाऱ्या गौरव अंकात 'लोकसभेतील सहा वर्षे' हा लेख मी लिहावा असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही राज्यशास्त्र शिकवता आणि भाचे आहात. म्हणजे अचूकही लिहाल आणि प्रेमानंही." मी म्हटलं, या दोन गोष्टी एका लेखात जमतीलच असं नाही. ते मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा.

लिहायचं तर नीट, म्हणून सुटीभर रोज ग्रंथालयात लोकसभेच्या कामकाजाचे खंड वाचतो आहे. वाळ्याच्या पडद्याजवळची खुर्ची मी धरून ठेवली आहे. तुमची भाषणं नऊ. प्रश्न चव्वेचाळीस, त्यांतले सतरा काटोलच्या संत्र्यांना रेल्वेच्या वॅगन वेळेवर मिळत नाहीत याबद्दल. रेल्वेमंत्री बदलत गेले, पण तुमचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर बदललं नाही. हे वाचून आई म्हणाली, "शालिक लहानपणापासून तसाच. एक गोष्ट धरली का दात पडेपर्यंत सोडत नाही."

मतविभागण्या मी स्वतंत्र वहीत उतरवतो आहे. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याच्या बाजूने तुम्ही. आणीबाणीच्या मंजुरीला बाजूने. सभागृहाची मुदत एक वर्षानं वाढवली, त्यालाही बाजूने. मामा, हे सगळं मी लिहिणार आहे. गौरव अंक आहे म्हणून यातलं काही गाळलं, तर जे चांगलं लिहीन त्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. रागावू नका.

मिसाचं मत तेवढं डोळ्यांनी पाहायचं राहिलं आहे. एकाहत्तरच्या जूनचा खंड बांधणीला गेला आहे. अर्थात ती गोष्ट आपल्या तालुक्यात पोराबाळांनाही ठाऊक आहे: विनाचौकशी कोंडून ठेवायच्या कायद्याला सत्ताधारी पक्षाच्या बाकावरून एकट्या शालिकरामजींनी 'नाही' म्हटलं. मला फक्त एक विचारायचं होतं. पक्षाचा आदेश मोडल्यावर तुम्हाला कोणी जाब विचारला नाही का? वर्गात मुलं विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. आणि ते मत देण्याचं यंत्र नेमकं कसं चालायचं, तेही सवडीनं लिहा.

आपला,
चंद्रभान

•

बोरधरण, ता. काटोल
१९ जून १९७८

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. तीन कारणं लिहितं, आन मग चौथ्या ओळीत लिहितं का तिन्ही खोटी. तुले वकील करायले पायजे होतं गा. तुह्याच विरुद्ध उभा राहिला असता आन जिंकला असता.

'बाजूने, बाजूने' लिहून राहिलास ते लिही. मी दिलं ते मी दिलं. मुदत वाढवली तेव्हा हात वर करताना मनात हेच होतं का आणखी एक वर्ष वॅगनचा प्रश्न विचारता येईल. आता हसू येते.

यंत्राचं सांगतो. प्रत्येकाच्या जागेवर बटणं असत. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, आन एक तटस्थवाल्यायसाठी. पण नुसतं बटण दाबून मत पडत नव्हतं. बाजूले वायरीले लोंबता खटका होता. तो दुसऱ्या हातात धरून दाबा लागे. घंटा झाली का दोन्ही दाबायचे, दुसरी घंटा होईपर्यंत सोडायचं नाही. मधात दहा सेकंद. काहून, तर बाजूवाल्याचं बटण कोणी दाबू नाही. दोन्ही हात आपापल्याच मतात गुतले पायजेत. मले ते लय आवडलं होतं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करताना दोन्ही हात गुततात आन माणूस श्वास धरते, तसं.

मिसाचं काय विचारतं? मी लाल बटण दाबलं. सगळ्यायले माहीत आहे. पक्षात कोण काय बोललं, त्या जुन्या गोष्टी झाल्या. खंड बांधणीले गेला तर जाऊ दे, त्याच्यासाठी थांबू नको. लिहून टाक.

खरी खबर पुढं आहे. वच्छला सत्काराले येते म्हणाली. रुपरावले घेऊन. तुले सारं माहीत आहे, तरी लिहितो. जावई आणीबाणीत मिसाखाली सोळा महिने नागपूरच्या जेलात होता, त्यातले पहिले अकरा महिने पोरीनं माह्या घराची पायरी चढली नाही. मुलाखतीले वर्ध्याहून यायची आन तुह्या घरी उतरायची. बाप खासदार, तोही त्याच पक्षाचा. ती तरी काय करेल? शेवटी मीच वर्ध्याले गेलो आन सांगितलं का माय, त्या कायद्याले मी नाही म्हटलं होतं. तेव्हा ती पहिल्यानं बोलली. आता दत्तोपंतानं तुहा लेख स्टेजवरून वाचायचं काम तिलेच दिलं आहे. तर चांगलं लिहिजो.

तुह्या मायले सांगजो, बाई, दात अजून सगळे शाबूत आहेत.

तुहा मामा,
शालिकराम

•

धरमपेठ, नागपूर
रविवार, २ जुलै १९७८

ती. मामांस सा. नमस्कार.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली, कारण त्यांत मी एक तर न्यायाधीश झालो होतो, नाही तर काही पाहिलंच नाही असं दाखवत होतो.

खंड बांधून आला. मतविभागणीच्या यादीत विरुद्ध बाजूला तुमचं नाव आहे. त्या नावाच्या डोक्यावर एक चांदणी छापली आहे. पानाच्या तळाशी तशीच चांदणी, आणि पुढे बारीक अक्षरात एक ओळ: चुकून विरुद्ध मत नोंदवले.

मी ग्रंथपालांना विचारलं. ते म्हणाले, एखाद्या सदस्याकडून भलतं बटण दाबलं गेलं तर त्यानं तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून द्यायची. मग तशी टीप पडते. म्हणजे ही चिठ्ठी तुमची. पक्षानं जाब का विचारला नाही याचं उत्तरही मला तिथेच मिळालं. विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. दोन्ही हात. दहा सेकंद. मामा, दोन हातांनी दहा सेकंद चूक होते का? तुम्हीच ते यंत्र मला इतकं नीट समजावून दिलं, म्हणून विचारतो. खरोखरच चूक झाली असेल तर आपण सगळे सात वर्षं एका चुकीचा अभिमान बाळगत आलो. आणि चूक नसेल, तर चिठ्ठी खोटी. दोन्हींपैकी काय असावं अशी माझी इच्छा आहे, हेसुद्धा मला ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला विचारण्याचा मला अधिकार आहे असं वाटून लिहीत नाही. पंचाहत्तरच्या ऑक्टोबरात आमच्या कॉलेजात आणीबाणीबद्दल सरकारच्या अभिनंदनाचा प्राध्यापकांचा ठराव फिरला होता. माझ्या आधीच्या तिघांनी माझंच पेन मागून घेऊन सह्या केल्या. पेन परत हातात आलं तेव्हा कागद माझ्यासमोर होता. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे, 'सही केली, कारण पेन माझं होतं.' तेव्हा रुपराव जेलमध्ये होते आणि दुसऱ्याच आठवड्यात वच्छला मुलाखतीसाठी आमच्या घरी उतरली. मी तिला स्टेशनवर घ्यायला गेलो, तिची पिशवी उचलली आणि हे सांगितलं नाही.

दत्तोपंतांना मी काही बोललो नाही. वच्छलेलाही नाही. तुम्ही जे लिहाल ते वाचल्याशिवाय लेख पुढे सरकणार नाही.

आपला,
चंद्रभान

•

वर्धा
२१ जुलै १९७८

प्रिय चंद्रभानदादा,

तू बाबांना असं काय लिहिलंस? दोन आठवडे झाले, ते कोणाशी धड बोलत नाहीत. आई कळवते, की बागेत जातात, एका झाडाखाली बसतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. परवा दत्तोपंतांना त्यांचं दोन ओळींचं कार्ड गेलं: सत्कार रद्द करावा. दत्तोपंत मला विचारतात, मी तुला विचारते.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. भाषणांची संख्या आठ का नऊ यावरून तू त्यांना छळलं असशील. अरे, त्यांनी सहा वर्षांत बाकी सगळीकडे 'हो'च म्हटलं हे मला कळत नाही का? आणीबाणीलासुद्धा हो म्हटलं. मी ते विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण लेखात एक गोष्ट ठळक आली पाहिजे, बाकीचं तू हवं तसं तोलून लिही.

मुलाखतीच्या वेळचं तुला आठवतं ना, मधे जाळी, दोन्ही बाजूंनी सगळे एकदम बोलणार, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. बाबा मला वर्ध्याला येऊन सांगून गेले, त्यानंतरच्या मुलाखतीत मी जाळीतून ओरडून सांगितलं, "बाबांनी तुमच्या कायद्याले नाही म्हटलं होतं!" हे ओरडले, "काय?" मी पुन्हा ओरडले. शेजारी कोणाची तरी म्हातारी आई उभी होती, ती म्हणाली, "पोरी, ऐकलं त्यानं, आता रडू नको वं." आणि हे काय म्हणाले असतील? "मग सासऱ्याच्या नावावर एक कप चहा जास्ती द्यायले सांग या जेलवाल्यायले!" पुढचे पाच महिने मी त्या एका 'नाही'वर काढले, दादा. शाळेतल्या बायका बोलत नव्हत्या, घरमालक खोली रिकामी करा म्हणत होता. मी म्हणायची, माझ्या बापानं नाही म्हटलं होतं.

तर वेळीच त्यांची समजूत काढ. काय झालं ते मला कळव.

तुझी,
वच्छला

•

नागपूर
२५ जुलै १९७८

प्रिय वच्छला,

तुझं पत्र वाचलं. मामांना मी एक प्रश्न विचारला आहे. तो भाषणांच्या संख्येचा नाही.

काय विचारलं ते तुला लिहीत नाही, याचा तुला राग येईल. काही नाही असंही लिहीत नाही, कारण ते खोटं होईल. उत्तर त्यांच्याकडे आहे आणि ते कोणाला आधी द्यायचं हे त्यांनीच ठरवावं. मी तुला सांगितलं तर त्यांच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं होईल.

रुपरावांना नमस्कार. त्या चहाची गोष्ट तू मला कधीच सांगितली नव्हतीस.

तुझा,
चंद्रभान

•

बोरधरण
९ ऑगस्ट १९७८

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

उत्तराले उशीर झाला. तुह्यासारखी तीन कारणं लिहीत नाही. भेव वाटत होतं.

चूक नव्हती. लाल बटण मी पाहून दाबलं. उजव्या हातानं बटण, डाव्यानं खटका, आन मनातल्या मनात एकापासून मोजलं. मले निवडून येऊन तीन महिने झाले होते. विधेयक हिंदीत दोनदा वाचलं होतं. त्यात माणसाले कोंडायचं लिहिलं होतं, आन त्याले काहून कोंडलं ते सांगायची घाई नव्हती. मी शिकलेला कमी, पण बैलसुद्धा कोंडवाड्यात गेला तर चिठ्ठीवर कारण लिहितात. म्हणून नाही दाबलं. दुसरी घंटा झाली, वर फळ्यावर माह्या जागेचा लाल दिवा लागला. आमच्या बाकायवर सगळं हिरवं, मधात तो एक.

तुले वाटत असेन कोणी धमकावलं. तसं असतं तर बरं झालं असतं. धमकावलं तर मी आडवा पडतो, बाईले विचार. पक्षाचा एक माणूस हसत हसत आला. भला माणूस होता, दिल्लीत मले खोली त्यानंच पाहून दिली होती. म्हणाला, "शालिकरामजी, नये आदमी से हो जाता है. मेरा भी पहले साल दो बार गलत दबा." हातात चिठ्ठी होती, लिहून तयार, फक्त सही राहिली होती. आजूबाजूचे हसून राहिले होते. वाईट नाही, मायेनं. गावाकडून आलेल्या पाहुण्याले हसतात तसं. तेवढ्या मायेत 'चूक नाही, मी पाहून दाबलं' हे म्हणायले तोंड उघडलं नाही. मी पण हसलो. सही केली. दहा सेकंद लागले नाहीत.

तुह्या चांदणीबद्दल मले खरंच माहीत नव्हतं. चिठ्ठी दिली म्हणजे आकडा दुरुस्त होते, एवढंच वाटलं. पुस्तकात नाव तसंच राहते आन तळाले लिहून ठेवतात, हे तू कळवलं तेव्हा कळलं. म्हणजे सात वर्षं ते तिथं होतं, कोणी पान उघडण्याची वाट पाहत.

गावात आलो तर लोकायनं आधीच ऐकलं होतं. कोणी गॅलरीतून दिवा पाहिला होता. "भाऊ, नाही दाबलं म्हणते?" मी म्हटलं, दाबलं. ते खोटं नव्हतं. कोणी पुढचं विचारलं नाही आन मी सांगितलं नाही. वच्छलेले सांगितलं तेव्हाही तेवढंच सांगितलं. त्या दिवशी तिनं मले जेवायले वाढलं. वर्षभरानं पोरीच्या हातची भाजी ताटात पडली, त्याच्यावर मी पुढचं वाक्य कसं बोलू?

तू विचारतं, चूक कोणती. मी झाडाखाली बसून हाच हिशेब लावला. बटण दाबलं ते बरोबर. चिठ्ठीवर 'चुकून' लिहिलं होतं आन मी खाली नाव घातलं, ती चूक. म्हणजे पुस्तकात चांदणी बरोबर जागी आहे. फक्त तिचा अर्थ उलटा लावा लागते.

सत्कार मी रद्द करायले सांगितला होता, कारण पोरीनं स्टेजवर उभं राहून ते वाचावं आन मी हार घालून ऐकावं, हे माह्यानं होणार नाही. तू लेख तुले वाटते तसा लिही. मी उद्या वर्ध्याले जातो. या खेपेले जेवायच्या आधी सांगतो.

शालिकराम

ता. क. — पेन तुहं होतं म्हणून सही केली, हे कारण तुह्या पहिल्या तीन कारणायपेक्षा बरं आहे. पण तेही पुरतं खरं नाही.

•

वर्धा
२० ऑगस्ट १९७८

प्रिय दादा,

बाबा आले होते. तुला सगळं ठाऊक आहे म्हणतात, म्हणून जे तुला ठाऊक नाही ते लिहिते.

चपला काढून ते आत आले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले. मी पाणी दिलं. घेतलं नाही. म्हणाले, "आधी ऐक, मग पाजायचं का नाही ते ठरव." आणि सगळं सांगितलं. मधे एकदाही थांबले नाहीत. निवडणुकीच्या सभेत त्यांना कधी इतकं सलग बोलता आलं नाही.

हे शेजारी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "खटका कोणत्या हातात होता?"

"डाव्या."

"दाखवा बरं."

मग बाबांनी आमच्या टेबलावर उजवा पंजा ठेवला, डाव्या हाताची मूठ धरली, आणि हे मोजायला लागले. एक, दोन, तीन. अगदी शाळेतल्या कवायतीसारखे सावकाश. बाबांनी मूठ शेवटपर्यंत सोडली नाही. दहा झाल्यावर हे म्हणाले, "चला. सोळा महिन्यांतून तेवढे दहा सेकंद वजा केले." बाबांना कळेना हसावं की काय करावं. मलाही कळलं नाही. मग हेच म्हणाले, "पाणी प्या आता, काहून उभे आहात?"

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. राग सहीचा नव्हता. माणूस घाबरतो, नाही तर भिडेला पडतो. मीसुद्धा त्या दिवसांत घरमालकासमोर काय काय बोलले आहे. राग याचा, की बाबा वर्ध्याला आले तेव्हा त्यांनी मला अर्धंच दिलं, आणि मी त्या अर्ध्याला पूर्ण समजून पाच महिने उराशी धरलं. जाळीतून ओरडून सांगितलं, दादा. लोकांदेखत.

पण मग पोळ्या लाटताना असंही वाटलं, की त्या दिवशी पूर्ण सांगितलं असतं तर मी त्यांना दारातून परत पाठवलं असतं. आणि पुढचे पाच महिने मग कशावर काढले असते? हे मला सोडवता येत नाही. तू सोडवायच्या भानगडीत पडू नकोस, तुला ती सवय आहे.

माफ केलं असं समजू नकोस. तसं झालेलं नाही. बाबा दोन दिवस राहिले. जाताना मी त्यांना सांगितलं, सत्कार होईल. लेख मीच वाचणार आणि तळटीपही मीच वाचणार. तुम्ही हार घालून पहिल्या रांगेत बसायचं आणि ऐकायचं. ते म्हणाले, "हार घालून काहून वं?" मी म्हटलं, "हार नऊ भाषणांचा आणि सतरा वॅगनींचा. तो काढायचं कारण नाही."

तर तळटीप नीट लिही. लांबड लावू नको, मला एका दमात वाचता आली पाहिजे. तिथं माझा आवाज काय करेल सांगता येत नाही.

वच्छला

•

धरमपेठ, नागपूर
रविवार, २७ ऑगस्ट १९७८

ती. मामांस सा. नमस्कार.

लेख पूर्ण झाला. मिसाचा परिच्छेद मी अकरा वेळा लिहिला आणि शेवटी सर्वांत लहान झाला तो ठेवला. मजकुरात फक्त एवढं आहे: 'जून १९७१मध्ये विनाचौकशी स्थानबद्धतेच्या विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्यांत शालिकराम यांचे नाव आहे.' नावावर चांदणी आहे. खाली तळटीप अशी: 'अधिकृत नोंदीत "चुकून" असा शेरा आहे. मत चुकून दिलेले नव्हते. शेऱ्याच्या चिठ्ठीवर सही त्यांचीच आहे. हे त्यांनी स्वतः सांगितले.' वच्छलेला पाठवली होती. तिनं कार्डावर एवढंच लिहिलं, की दोनदा मोठ्यानं वाचून पाहिली, दम पुरतो.

दत्तोपंत अर्थातच अस्वस्थ झाले. "चंद्रभानजी, लोक हार घेऊन येणार, त्यांच्या हातात तुम्ही तळटीप देता?" मी म्हटलं, तळटीप काढली तर वरचं वाक्यही काढावं लागेल. ते निघून गेले आणि दोन दिवसांनी वच्छलेचं पत्र घेऊन परत आले. तिनं काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. फक्त "छापा" म्हणाले.

मीही एक चांदणी लावून घ्यायचा विचार केला होता. लेखाखाली माझं नाव येतं तिथं, पंचाहत्तरच्या ठरावावरच्या सहीबद्दल. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सत्कार शालिकचा आहे का तुहा?" मग लक्षात आलं, की कबुली देण्यातही मला थोडं पुढे उभं राहायचं होतं. ते काढून टाकलं. वच्छलेला मात्र परवा सगळं लिहून पाठवलं आहे, पेनासकट. उत्तर आलेलं नाही. तुम्हाला तिच्यासमोर उभं राहून सांगताना काय वाटलं असेल याची आता थोडी कल्पना येते. मी तर टपालपेटीआड लपलो.

काल संध्याकाळी इतवारीतल्या छापखान्यातून आलेलं शेवटचं प्रूफ आज दुपारी वाचलं. तळटीप खाली जागच्या जागी आहे, शब्दही बरोबर. पण वर तुमच्या नावावर चांदणीच नाही. मी तसाच सायकलवर निघालो. रविवार, त्यामुळे छापखाना बंद. खिळे जुळवणारे जुळारी महादेवराव शेजारच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मास्तर, ते नावावर काही तरी डाग पडल्यावानी दिसून राहिलं होतं. सत्काराच्या अंकात मानसाच्या नावावर डाग बरा दिसत नाही. मीच काढला." मी म्हटलं, तो डाग नाही, चांदणी आहे, खालची ओळ कोणाची हे तिच्यामुळेच कळतं. त्यांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "असं का? मग सकाळी आठाले या. तुमच्या डोळ्यासमोर बसवतो."

आई बरी आहे. ३ तारखेला तीही येणार म्हणते, गुडघ्यांसकट.

आपला,
चंद्रभान

ता. क. — डायरीत उद्यासाठी एकच काम लिहिलं आहे: आठ वाजता इतवारी. मामांच्या नावावर चांदणी बसवून घेणे.